रिकाम्या खोलीची पंच

रंजना फुटाणेच्या दुकानात पोलीस यायचे ते साध्या कपड्यांत, हातात शिवायला म्हणून काहीतरी घेऊन. त्या दिवशी सहायक पोलीस निरीक्षक तबस्सुम मुलाणी दोन उशांचे अभ्रे घेऊन आल्या. दुकानात एक गिऱ्हाईक होतं. ते जाईपर्यंत मुलाणी स्टुलावर बसून कापडं चाळत राहिल्या. मग रंजनाने शटर अर्धं खाली ओढलं.

"सांगलीहून आलात म्हणजे तसंच काही असणार," ती म्हणाली.

"तसंच आहे, ताई. आणि या वेळी हातात दुसरा काहीच धागा नाही."

रंजना विट्यात गेली वीस वर्षं पडदे शिवत होती. ती शिवायची आणि तिचा नवरा दत्ता घरोघरी जाऊन दांड्या बसवायचा. दीड वर्षापूर्वी, म्हणजे २०३५च्या दिवाळीनंतर, तिने एका शपथपत्रावर सही केली आणि ती 'वस्तुपंच' झाली. असे वस्तुपंच राज्यात हजारभर होते. कोणी फरशी बसवणारा, कोणी सुतार, कोणी भांड्यांचा व्यापारी. लहान मुलांवरच्या अत्याचारांच्या तपासात पोलिसांना वस्तू ओळखून देणं एवढंच त्यांचं काम. कोणती वस्तू पाहिली ते घरातही बोलायचं नाही, अशी शपथ.

हे शक्य झालं ते एका यंत्रामुळे. पोलीस त्याला 'गाळणी' म्हणत. पूर्वी अशी एखादी चित्रफीत हाती लागली की दोन-चार अधिकारी ती पुन्हा पुन्हा पाहत आणि मागच्या भिंतीत, कपाटात, खिडकीत एखादा धागा शोधत. पाहणाऱ्यांची झोप उडायची. काहींनी नोकऱ्या सोडल्या. पण त्या भिंतीवरची फरशी ज्याला एका नजरेत ओळखता आली असती त्या फरशीवाल्याला ती दाखवणार कशी? ते कायद्यानं चालत नव्हतं, आणि त्या मुलाची ती पुन्हा एकदा विटंबनाच झाली असती.

गाळणी कोणत्याही माणसाच्या डोळ्यांआधी ती फीत पाहायची आणि तिच्यातली माणसं काढून टाकायची. तत्त्व साधं होतं. माणूस हलतो. तो हलला की त्याच्यामागचा भिंतीचा तुकडा क्षणभर उघडा पडतो, मग पुन्हा झाकला जातो. फितीच्या हजारो चौकटींतले असे तुकडे जुळवून यंत्र अख्खी खोली उभी करायचं. सावलीच्या तिरकेपणावरून खिडकीची दिशा काढायचं आणि आवाज भिंतींवरून कसा परततो त्यावरून लांबीरुंदी. शेवटी उरायची एक रिकामी खोली. ती कोणालाही दाखवता यायची.

एक गोष्ट मात्र गाळणी कधीच करत नसे. मनाचं काही भरत नसे. जी जागा एकाही चौकटीत उघडी पडली नाही तिथे ती राखाडी रंग ठेवायची. तिनं स्वतःच्या कल्पनेनं एक खिळा जरी ठोकला असता तरी न्यायालयात सगळीच खोली खोटी ठरली असती.

मुलाणींनी टॅब पुढे केला. रंजनाने चष्मा लावला.

पिवळट भिंती. निळी चटई. एक लाकडी खुर्ची. खुर्चीवर एक राखाडी डाग होता, खुर्चीच्या पाठीपेक्षा थोडाच उंच. रंजनाची नजर त्यावर गेली आणि तिथेच थांबली. तिथे जे कोणी होतं ते हललंच नव्हतं.

"किती वर्षांचं?" तिने विचारलं.

"ते तुम्ही विचारायचं नाही आणि मी सांगायचं नाही. खिडकीकडे बघा."

खिडकीला पडदा होता. हिरवी पानं, मातकट रंगावर. असलं कापड दहा वर्षांपूर्वी इचलकरंजीहून ढिगानं यायचं. रंजनाने स्वतःच त्याचे पंचवीस-तीस जोड शिवले असतील.

"असे पडदे अर्ध्या जिल्ह्यात असतील, मॅडम."

"मला माहीत आहे. म्हणून तुमच्याकडे आले. या फितीबद्दल परदेशातून कळवलं गेलं. पाठवणाऱ्याचा माग तिथल्या तिथे पुसलेला. बोलण्याचा लहेजा आपल्याकडचा, एवढंच कळलंय. सावल्या सांगतात की खिडकी पश्चिमेची आणि चित्रीकरण दीड महिन्याच्या आतलं. म्हणजे हे थांबलेलं नाही."

रंजनाने चित्र मोठं केलं. चुण्या, दुमड, कडेची टीप. सगळं बरोबर शिवलेलं आणि म्हणूनच निरुपयोगी. मग तिच्या ध्यानात आलं की खिडकी पश्चिमेची असेल तर दुपारी ऊन पडद्यामागून येत असणार.

"उन्हाचा उजेड वाढवता येईल का? पडद्याच्या आतलं दिसेल इतका?"

मुलाणींनी बोट फिरवलं. पानं फिकट झाली आणि पडद्याच्या पोटातलं अस्तर दिसू लागलं. खालून वीतभर अंतरावर एक गडद रेघ होती. अस्तराला दिलेला जोड. तो सरळ नव्हता. डावीकडून उजवीकडे चांगला दोन बोटं चढत गेला होता.

रंजनाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पण तिची खात्री पहिल्या नजरेलाच झाली होती. दहा वर्षांपूर्वी तो शिवला तेव्हा नणंदेची, वसुधाची वास्तुशांत दुसऱ्या दिवशी होती. अस्तर कमी पडलं होतं. बाजार बंद. घरात होता तो तुकडा तिने घाईघाईत जोडला आणि जोड तिरका गेला. उसवायला वेळ नव्हता. आतलं कोण बघतंय, म्हणून तिने तसाच दिला होता, आणि पुढे कितीतरी दिवस तिला तो सलत होता.

"हा माझा आहे," ती म्हणाली. "माझ्या नणंदेच्या घरासाठी शिवलेला."

मुलाणींनी वही काढली. मग शांतपणे म्हणाल्या, "घरात कोण कोण असतं?"

"ती, तिचा नवरा आणि सासू." रंजनाने चित्र पुन्हा लहान केलं. "पण तो हॉलचा पडदा होता. तिचा हॉल चांगला मोठा आहे. खिडकी रस्त्याकडे, पूर्वेला."

"ही खोली नऊ बाय अकरा आहे."

"मग पडदा तिथून कुठेतरी गेलाय."

"आम्ही विचारायला गेलो तर गावभर होईल, आणि ज्याला कळायला नको त्याला आधी कळेल."

"मी विचारते," रंजना म्हणाली. "उद्या सकाळी."

वसुधाचं घर चालत पंधरा मिनिटांवर. रंजनाला तो रस्ता त्या दिवशी संपेना. वसुधाचा नवरा बँकेत होता. सणावाराला त्यानं रंजनाच्या मुलीला, मुक्ताला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. प्रत्येक आठवण आता उलटसुलट करून पाहावीशी वाटत होती आणि तसं वाटतंय याचीच तिला लाज वाटत होती.

"वहिनी? आज सकाळी सकाळी?" वसुधाने दार उघडलं. हॉलमध्ये आता पांढरे पडदे होते, रंजनानेच शिवलेले.

वसुधा चहा ठेवायला गेली. रंजनाने आधी घरभर नवं पायपुसणं बघायच्या निमित्तानं चक्कर मारली. आतल्या दोन्ही खोल्यांना एकही खिडकी पश्चिमेची नव्हती. मग चहा घेताना ती सहज म्हटल्यासारखी म्हणाली, "अगं, ते हिरव्या पानांचे जुने पडदे आहेत का गं? एका गिऱ्हाइकाला तसंच माप हवंय."

"ते कधीच गेले! दादाच घेऊन गेला ना. पांढरे बसवायला आला तेव्हाच. मी म्हटलं पोतेऱ्याला होतील, तर म्हणाला, चांगले आहेत, उमाच्या वरच्या खोलीला लावतो. पोरांना ऊन लागतं म्हणे."

रंजनाने कप खाली ठेवला.

"कधी गं हे?"

"गेल्या वर्षी. पाडव्याच्या सुमाराला. का हो वहिनी, बरं वाटत नाही का?"

उमा म्हणजे उमाकांत देशिंगे. दत्ताचा शाळेपासूनचा मित्र. चित्रकलेच्या परीक्षांचे वर्ग घ्यायचा. गावातली निम्मी पोरं त्याच्याकडे रंग कालवायला शिकली होती. दत्ताचे वडील मिरजेच्या दवाखान्यात होते तेव्हा अकरा दिवस तो दत्ताबरोबर व्हरांड्यात झोपला होता. आणि मुक्ता दोन वर्षं त्याच्या वर्गाला होती. आता ती एकोणीस वर्षांची होती आणि कोल्हापूरला शिकत होती.

रस्त्यावर येताच रंजनाने मुलाणींना फोन लावला आणि जे ऐकलं ते एका दमात सांगितलं.

"नाव पक्कं?"

"पक्कं. दांडी माझ्याच नवऱ्यानं बसवलीय."

"आता नीट ऐका, ताई. नगरपरिषदेतून घराचा नकाशा काढायला, बाहेरून खिडकी मोजायला आणि झडतीचा आदेश मिळवायला मला दोन दिवस लागतील. त्याच्या वर्गावर माझी माणसं आजपासूनच नजर ठेवतील. एकही मूल एकटं वर राहणार नाही, हे मी बघते. पण तुम्ही कोणाला काही बोलायचं नाही. नवऱ्यालाही नाही."

"नवऱ्याला तर नाहीच," रंजना म्हणाली.

दत्ता वाईट माणूस नव्हता. तो सरळ होता, आणि भीती त्याचीच होती. त्याला कळलं असतं तर तो तडक उमाकांतच्या दारात जाऊन उभा राहिला असता आणि विचारलं असतं, "उमा, हे खरं का?" आणि उमाकांतला सगळं नाहीसं करायला तेवढा अर्धा तास पुरला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी उमाकांत स्वतःच दुकानात आला. दत्ता दांड्या कापत होता.

"वहिनी, चहा मिळेल का? घसा बसलाय पोरांवर ओरडून."

रंजना मागच्या ओट्याकडे गेली. पातेलं गॅसवर ठेवलं. तिने दोन्ही हात ओट्यावर दाबून धरले. 'एकच दिवस,' ती स्वतःला म्हणाली. 'आजचा एकच दिवस.' मग तिने आलं किसलं, चहा गाळला आणि बाहेर नेऊन त्याच्या हातात दिला.

"मुक्ता काय म्हणतेय?" उमाकांतनं विचारलं. "चित्रं काढते की सोडलं? हात चांगला होता तिचा."

"अभ्यासच फार आहे तिला," रंजना म्हणाली.

"वहिनी आज गप्प गप्प का रे, दत्ता?"

"लग्नसराई आहे. डोकं वर काढायला फुरसत नाही तिला," दत्ता हसत म्हणाला.

उमाकांतनं चहा संपवला, दत्ताच्या पाठीवर थाप मारली आणि गेला. रंजना मशीनवर बसली आणि तासभर एकाच कापडावर टीप घालत राहिली.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता मुलाणी चार जणांना घेऊन उमाकांतच्या घरी गेल्या. वर्गाची वेळ नव्हती. वरच्या खोलीत निळी चटई होती, खुर्ची होती, पडदा होता. खिडकीचं माप गाळणीनं सांगितलेल्या मापाशी अर्ध्या इंचाच्या फरकानं जुळलं. पण फोन आणि संगणक त्यानं आधीच पुसून टाकलेले होते. ती त्याची नेहमीची सवय असावी. हजेरीच्या वहीत एकतीस नावं होती. त्यातलं फितीतलं मूल कोणतं ते त्याच दिवशी कळलं आणि त्याला संरक्षण मिळालं. बाकीच्या तीस घरांची दारं मात्र बंद राहिली. "आमच्या पोराचं काही नाही," एवढंच उत्तर यायचं.

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. दत्ता धावत दुकानात आला.

"उमाला उचललाय! कोणीतरी खोटं नाव घातलंय त्याचं. मी चाललो चौकीत."

"बसा," रंजना म्हणाली. तिने शटर खाली ओढलं आणि सगळं सांगितलं. मुलाणींनी त्या सकाळी तशी परवानगी दिली होती.

दत्ता ऐकत राहिला. मग म्हणाला, "तीन दिवस. तीन दिवस तू माझ्या शेजारी झोपलीस आणि बोलली नाहीस. त्याला चहा दिलास."

"दिला."

"मला आधी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याला विचारलं असतंत."

"विचारलंच असतं! एका पडद्यावरून? रंजना, माणूस आहे तो. माझ्या बापाचं तोंड पुसलंय त्यानं. आणि तू एका मशीनच्या चित्रावरून..."

"मशीननं पडदा दाखवला. तो माझा आहे, हे मी सांगितलं. चूक असेल तर माझी असेल."

दत्ता उठून निघून गेला. रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही एकमेकांशी बोलणं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी मुक्ताचा फोन आला. बातमी तिच्यापर्यंत पोहोचली होती. रंजनाने कापड कापता कापता फोन स्पीकरवर घेतला, पण जो प्रश्न तीन दिवस मनात होता तो तिला विचारता येईना. मुक्ताच म्हणाली, "आई, मला काही केलं नाही त्यांनी. खरंच सांगते."

रंजनाने कात्री खाली ठेवली.

"पण वर्ग सुटल्यावर ते एकेकीला मागे थांबवायचे," मुक्ता पुढे बोलली. "माझी पाळी यायची तेव्हा मी पोट दुखतंय म्हणून पळून यायचे. मला जायचं नाही असं तुला सांगितलं होतं मी. तू म्हणालीस, असं करू नये, काकांना काय वाटेल."

"म्हणाले होते," रंजना म्हणाली. "तुझं ऐकायला हवं होतं मी. चुकलं माझं."

फोनचा स्पीकर चालू होता. दत्ता दारात उभा होता. तो कधी आला ते तिला कळलं नव्हतं. त्यानं काही विचारलं नाही. आत जाऊन तोंडावर पाणी मारलं, बाहेर येऊन चपला घातल्या आणि म्हणाला, "मुलाणीबाई अजून चौकीत असतील का?"

जबाब दोन तास चालला. पडदा वसुधाकडून कधी उतरवला, उमाकांतच्या खोलीत कोणत्या दिवशी लावला, दांडीसाठी भिंतीत किती भोकं पाडली, सगळं दत्तानं सांगितलं. दांडी लावताना भिंतीचा एक टवका उडाला होता, तोही सांगितला. उमाकांतचा वकील म्हणणार होता की तो पडदा कुठलाही असू शकतो. आता तसं म्हणता येणार नव्हतं.

सही करून दत्ता उठला नाही. "त्या वहीतली सात पोरं माझ्या सांगण्यावरून तिथं गेली," तो म्हणाला. "मीच लोकांना म्हणायचो, उमाकडे घाला. त्या सात घरी मी जाऊ का?"

मुलाणींनी पेन खाली ठेवलं. "काय झालं ते सांगायचं नाही. काही विचारायचं नाही. मुलांशी तर बोलायचंच नाही. इतकंच सांगा की आमच्यातली एक बाई साध्या कपड्यांत घरी येईल, मूल आईजवळ बसून बोलेल, चौकीची पायरी चढावी लागणार नाही आणि नाव कुठेही येणार नाही. एवढंच. जमेल?"

"जमवतो."

पुढे खटला चौदा महिने चालला. गाळणीची खोली न्यायालयात तपासली गेली, तिच्यातली प्रत्येक राखाडी जागा मोजली गेली आणि ती खरी ठरली. उमाकांतला वीस वर्षांची शिक्षा झाली. पण शिक्षा त्या एका फितीवर झाली नाही, नऊ मुलांच्या जबाबांवर झाली. त्यातली पाच मुलं दत्ता गेला होता त्या सात घरांतली होती. ती पाच नेमकी कोणती, हे रंजनाला आजही माहीत नाही. निकालाच्या दिवशी ती न्यायालयात गेलीही नव्हती. तिला विचारलं तर ती जबाबाच्या दुसऱ्या दिवशीची, त्या शनिवारची दुपार सांगते.

पहिलं घर यंत्रमागावर काम करणाऱ्या बाबू शेटेचं होतं. दत्ता दारात जाऊन थबकला. रंजना त्याच्या शेजारी उभी होती. मुलाणींबद्दलचा तो एक प्रश्न सोडला तर दोन दिवसांत त्या दोघांत पहिलं बोलणं झालं ते तिथे.

"तू बोलतेस का?" त्यानं विचारलं.

"नाही. तुम्हीच बोला."

दत्तानं कडी वाजवली. बाबूनं दार जेमतेम चारच बोटं उघडलं. त्याचे डोळे तांबारलेले होते.

"आमच्याकडं काय बी नाही, दत्ताभाऊ. पोलिसांना सांगितलंय मी."

"मी पोलिसांकडून नाही आलो," दत्ता म्हणाला. "बाबू, तुझं पोर त्या वर्गाला मी घालायला लावलं. तू नको म्हणत होतास. मी म्हटलं, माझा माणूस आहे, डोळे झाकून घाल. म्हणून मीच आलोय. तुला मारायचं असेल तर मार. पण दार लावू नकोस."

बाबू तसाच उभा राहिला. मग आतून त्याच्या बायकोचा आवाज आला.

"त्यांना आत येऊ द्या. मला बोलायचंय."

बाबू दारातून बाजूला झाला.